एक रकाना कमी आहे

पल्स पोलिओच्या दिवसांत गावातल्या दारांवर खडूने लिहिलेले असायचे. घराचा क्रमांक, पथकाचा क्रमांक, तारीख आणि शेवटी एक खूण. पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांना थेंब मिळाले असतील तर इंग्रजी 'पी'. घराला कुलूप असेल, पोर मामाच्या गावाला गेले असेल किंवा आजीने 'आमच्या बाळाला नको ते' म्हणून पथकाला वाटेला लावले असेल, तर फुली. रविवारी बूथ, सोमवारपासून घरोघर, आणि संध्याकाळी पर्यवेक्षक किती 'पी' झाले हे विचारण्याआधी किती फुल्या राहिल्या हे विचारत. फुलीचा 'पी' होईपर्यंत त्या घराची सुटका नव्हती आणि पथकाचीही नव्हती. १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळलेला रुग्ण हा देशातला शेवटचा नैसर्गिक पोलिओरुग्ण ठरला, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. या यशात थेंबांचा जेवढा वाटा होता, तेवढाच त्या खडूचाही होता.

हे आठवण्याचे कारण, ही मोहीम आपल्यापर्यंत पोहोचण्याआधी ज्यांचे पाय पोलिओने नेले ती माणसे. आज त्यांतली बरीच चाळिशी-पन्नाशीच्या पुढे आहेत. कॅलिपर लावून, कुबडीवर, तीनचाकी सायकलवर किंवा हातांवर सरकत ती जगतात. जानेवारी २०२१मध्ये करोनाची लस आली तेव्हा याच माणसांना सांगण्यात आले, की नोंदणी करा, वेळ घ्या, केंद्रावर या, रांगेत थांबा आणि टोचून झाल्यावर अर्धा तास बसा. खडू या वेळी दारापर्यंत आला नाही. पोलिओचा विषाणू शोधायला घरोघर फिरलेली यंत्रणा पोलिओने अधू झालेल्या माणसाला मात्र 'तुम्हीच या' म्हणत होती.

यात कोणाची दुष्ट बुद्धी होती असे मानण्याचे कारण नाही. लसीकरणाचा सारा आराखडा डोकी मोजून बनतो. गावाची लोकसंख्या किती, तान्ही बाळे किती, गरोदर माता किती, त्यावरून कुप्या किती, सिरिंज किती, सत्रे किती. पाच हजार लोकसंख्येमागे उपकेंद्र, डोंगरी आणि आदिवासी भागात तीन हजारांमागे. हा हिशेब माणूस किती हे सांगतो. तो माणूस सत्राच्या जागेपर्यंत कसा येणार, हे त्यात कुठेच विचारलेले नसते. म्हणजे यंत्रणेकडे लस आहे, टोचणारी आहे, थंड पेटी आहे आणि घरोघर जाण्याचा दांडगा अनुभवही आहे. तिच्या कागदात एक रकाना तेवढा कमी आहे.

२०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यांतल्या सुमारे ६९ टक्के ग्रामीण भागातल्या होत्या. महाराष्ट्रातली संख्या २९ लाख ६३ हजार. ही मोजणी दिव्यांगत्वाचे मोजकेच प्रकार धरून झाली होती. नंतर आलेल्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकार मानले, म्हणून आजची खरी संख्या याहून मोठी असणार हे उघड आहे. त्याच कायद्याचे २५वे कलम आरोग्यसेवेचे आहे. दिव्यांगांना, विशेषतः ग्रामीण भागात, घराजवळ मोफत आरोग्यसेवा (उत्पन्नाच्या अटीला धरून), सरकारी आणि खासगी रुग्णालयांत अडथळ्याविना वावर, आणि तपासणी-उपचारांत अग्रक्रम, असे ते सांगते. कायदा 'घराजवळ' म्हणतो. हा शब्द महत्त्वाचा आहे, आणि तो १९ एप्रिल २०१७पासून लागू आहे.

करोनाकाळात या शब्दाची परीक्षा झाली. १ मार्च २०२१पासून पंचेचाळिशीपुढच्या सहव्याधीग्रस्तांना लस खुली झाली. त्या यादीत एकाहून अधिक दिव्यांगत्वे असलेल्यांना आणि सतत मोठ्या आधाराची गरज असलेल्यांना स्थान होते. पण तिशीतल्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला मात्र सगळ्यांबरोबर १ मेची वाट पाहावी लागली. नोंदणीच्या 'कोविन' संकेतस्थळाचा पडदा अंध व्यक्तीला वाचता येत नव्हता. चित्रातली वेडीवाकडी अक्षरे ओळखून टाका म्हटले, तर ती ओळखायची कशी, याचे उत्तर तिथे नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१च्या आदेशात या त्रुटींची दखल घेतली. त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयात घरोघरी लसीकरणाच्या मागणीची जनहित याचिका सुरू होती. घरोघरी जाणे शक्य नाही, घराजवळ केंद्रे उघडू, ही केंद्र सरकारची भूमिका होती. शत्रू आपल्या सीमेवर येण्याची वाट काय पाहता, त्याच्या मुलखात शिरा, अशा आशयाचे बोल मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठाने तेव्हा सुनावले होते. जुलैअखेर मुंबई महापालिकेने अंथरुणाला खिळलेल्यांना घरी लस द्यायला सुरुवात केली आणि सप्टेंबरात केंद्रानेही घरी जाण्यास मान्यता दिली. नोव्हेंबरात 'हर घर दस्तक' ही घरोघरच्या लसीकरणाची मोहीम आली. पहिल्या लसीपासून घरी जाण्याच्या मान्यतेपर्यंत आठ महिने गेले, आणि मधल्या एप्रिल-मे महिन्यांत काय घडले ते कोणाला सांगायला नको.

मुंबईने घरी लस देण्यासाठी ई-मेलवर नावे मागवली होती. शहरात ते चालून गेले. मोखाड्यातल्या किंवा धडगावातल्या पाड्यावर खाटेवर पडून असलेल्या म्हातारीचा ई-मेल कोण करणार?

घरोघरी जाण्याला तज्ज्ञांनी जे आक्षेप घेतले, ते मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. ते नीट समजून घेतले, तरच उपाय सापडतो. कोविशिल्डच्या एका कुपीत दहा मात्रा. कुपी उघडली की चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची. प्रत्येकाला टोचल्यावर तीस मिनिटे निरीक्षण. आता आरोग्यसेविका एकटी निघाली आणि दहा घरी अर्धा अर्धा तास बसली, तर नुसते बसण्यातच पाच तास जातात. कुपी चार तासांत बाद झालेली असते. वाटेवरचा ओढा, चढण आणि 'चहा घ्या ना बाई' हे वेगळेच. शिवाय पेटीचे झाकण दहादा उघडले की आतली गोठवलेली पाण्याची पाकिटे लवकर तापतात, आणि लसीला २ ते ८ अंशांत राहायचे असते.

हे गणित कागदावर अवघड दिसते. फिल्डवर काम करणाऱ्या बायांना त्याचे उत्तर ठाऊक असते. दोघी निघायचे. सेविकेने टोचून पुढच्या घरी जायचे, आशाताईने मागे बसायचे. ताप, चक्कर, अंगावर गांध्या, श्वासाला त्रास, यांतले काही दिसले तर फोन करायचा. दहा मात्रांसाठी दहा दिव्यांग शोधत बसायचे नाही. त्या घरातली सून, शेजारचा म्हातारा, अजून डोस न घेतलेला मुलगा यांनाही तिथेच टोचायचे. कुपी वाया जात नाही, आणि अंथरुणावरच्या माणसाची काळजी घेणारेही सुरक्षित होतात. आधी कोणत्या घरी जायचे, वाट कशी जोडायची, हे मात्र आदल्या दिवशी ठरलेले हवे. त्यासाठी कोणत्या घरी कोण आहे हे लिहिलेले हवे. अडते ते इथे.

करोना सरला, आता हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण खेड्यात प्रौढ माणसाला लागणारी सर्वांत तातडीची लस करोनाची नाहीच. ती आहे कुत्रा चावल्यावरची. कुत्रे अंगावर आले तर धावता न येणारा, काठी उगारू न शकणारा, किंवा ते मागून येते आहे हे ऐकूच न येणारा माणूस कोण असतो, हे सांगायला नको. रेबीजची लस कातडीत टोचायची पद्धत आपल्या सरकारी दवाखान्यांत रूढ आहे. पहिली मात्रा चावल्याबरोबर, मग ३, ७ आणि २८ दिवसांनी. म्हणजे चार खेपा. जखम खोल असेल तर त्याबरोबर सीरम द्यावे लागते, आणि ते अनेकदा ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात गेल्याशिवाय मिळत नाही. पहिली खेप घरचे कशीबशी करतात. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून, मागच्याने काखेत धरून. दुसऱ्या खेपेला मुलाची मजुरी बुडते. तिसरीला वडापवाला कुबड्या आणि माणूस मिळून दोन सीटचे पैसे मागतो. चौथ्या खेपेपर्यंत जखम भरलेली असते आणि 'आता कशाला' सुरू होते. एसटीत दिव्यांगांना सवलत आहे, पण वाडीपर्यंत एसटीच जात नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की वैद्यकाच्या हाती जवळजवळ काही उरत नाही. एवढ्या मोठ्या धोक्यापुढे शेवटची खेप घरी जाऊन करणे हे फार मोठे मागणे नाही.

मुलांच्या लसींत चित्र वेगळे आहे, पण फट तीच. २७ नोव्हेंबर २०१८पासून महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षे हा वयोगट आणि सुरुवात शाळांपासून. शाळा हे सोयीचे ठिकाण, यात वाद नाही. पण जे मूल शाळेतच जात नाही, ज्याला गृहाधारित शिक्षण म्हणून आठवड्यातून कधीतरी शिक्षक घरी भेटतो, ते मूल या साखळीच्या शेवटी जाते. दहाव्या आणि सोळाव्या वर्षीच्या धनुर्वात-घटसर्पाच्या लसीचेही तेच. आणि रुबेला म्हणजे काय? गरोदरपणात आईला झाला तर बाळाच्या कानांवर, डोळ्यांवर, हृदयावर घाला घालणारा आजार. दिव्यांगत्व टाळणारी लस दिव्यांग मुलापर्यंतच सर्वांत उशिरा पोहोचावी, यातली विसंगती उघड आहे.

घरातली भीती हे दुसरे कारण. 'आधीच आकडी येते, त्यात सुई कशाला', 'ह्याला ताप सोसायचा नाही' असे आईवडील म्हणतात, आणि कधीकधी टोचणारी सेविकाही 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणून मोकळी होते. जबाबदारी अंगावर नको, हे समजण्यासारखे आहे. वैद्यकशास्त्राचे म्हणणे मात्र स्पष्ट आहे. सेरेब्रल पाल्सी किंवा डाउन सिंड्रोम ही लस नाकारण्याची कारणे नाहीत. आकडी आटोक्यात नसेल किंवा मेंदूचा आजार वाढत चाललेला असेल, तर काही लसींबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यायचा, एवढेच. उलट गिळताना ठसका लागणाऱ्या, छातीत कफ साठणाऱ्या मुलाला न्यूमोनिया आणि डांग्या खोकल्याचा धोका इतरांहून जास्त. हिमोफिलिया असलेल्या मुलाला बारीक सुई वापरायची, टोचल्यावर न चोळता काही मिनिटे घट्ट दाबून धरायचे आणि आधी त्याच्या डॉक्टरांशी बोलायचे. लस चुकवायची नाही. ही दोन ओळींची माहिती उपकेंद्राच्या भिंतीवर लावायला किती खर्च येईल?

सिकलसेल हा आजार तर विदर्भाच्या आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्याला घरचाच. २०१६च्या कायद्याने त्याला दिव्यांगत्व मानले आहे. या आजारात पांथरी हळूहळू निकामी होते आणि न्यूमोकोकस जंतूशी लढण्याची ताकद जाते. या जंतूवरची लस २०२१मध्ये राज्याच्या नियमित लसीकरणात आली, पण वेळापत्रकात ती तान्ह्या बाळांसाठी आहे: दीड महिना, साडेतीन महिने, नऊ महिने. त्याआधी जन्मलेली सिकलसेलची मुले आज शाळेत आहेत. जुलै २०२३पासून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान चालू आहे, तपासण्या होतात, कार्डे वाटली जातात. कार्ड हातात ठेवताना याच मुलाला ही लस कधी आणि कुठे मिळेल, हेही त्याच टेबलावर सांगता आले पाहिजे.

केंद्रापर्यंत पोहोचलेल्याचे सगळे सुरळीत होते असेही नाही. रॅम्प बहुतेक ठिकाणी आहे, म्हणजे फोटोत आहे. मानकाप्रमाणे एक फूट चढायला बारा फूट उतार हवा. सहा-सहा इंचांच्या चार पायऱ्यांसाठी चोवीस फूट. आपल्याकडे तो आठ-दहा फुटांत उरकतात, वर गुळगुळीत फरशी घालतात, आणि टोकाला जनावरे आत येऊ नयेत म्हणून लोखंडी जाळी. आत गेल्यावर नाव मोठ्याने पुकारतात. बहिऱ्याला ते ऐकू येत नाही आणि त्याचा नंबर निघून जातो. टोचल्यावर 'ताप आला तर ही गोळी' हे तोंडाला मास्क लावून सांगितले, तर ओठ वाचणाराही हतबल. मतिमंद म्हणून ज्याला सारे ओळखतात त्या तरुणाला गर्दीत दोघांनी धरून टोचले, की पुढच्या वेळी तो दवाखान्याच्या वाटेलाच जात नाही. अशा माणसाला सकाळी पहिल्यांदा, गर्दी जमण्याआधी, आईच्या जवळ बसवून घेतले तर काम पाच मिनिटांत होते. याला निधी लागत नाही, वेळापत्रक लागते.

मग कोण कुठे आहे हे सरकारला माहीत नाही का? चांगले माहीत आहे, पण निरनिराळ्या कपाटांत. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरील आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मतदारांना घरून मतदानाची सोय देशभर मिळाली. '१२ डी' अर्ज भरा, पथक मतपेटी घेऊन दारात येते, गुप्तता राखते, चित्रीकरणही करते. एका मतासाठी चार-पाच माणसांचे पथक पाड्यावर गेल्याच्या बातम्या आपण कौतुकाने वाचल्या. म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे (बीएलओ) यादी आहे. ग्रामपंचायतीकडेही आहे, कारण स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. शाळेकडे गृहाधारित शिक्षणाच्या मुलांची यादी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे तपासलेल्या मुलांची आहे. दिव्यांगांच्या युडीआयडी ओळखपत्रांची नोंद वेगळीच. आणि ३ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभागही स्थापन केला. एवढ्या याद्या असूनही लसीकरणाच्या सूक्ष्म आराखड्यात त्यांतली एकही उतरत नाही.

आमची सूचना साधी आहे. त्या आराखड्यात एक रकाना वाढवावा. मात्र त्यात दिव्यांगत्वाची टक्केवारी लिहू नये. टक्केवारी शरीराची असते, अडचण वाटेची. डांबरी रस्त्यालगत राहणारा ८० टक्क्यांचा माणूस रिक्षाने येऊ शकतो. ओढ्यापलीकडच्या ४० टक्क्यांच्या बाईला चार महिने गाव दिसत नाही. शिवाय सर्वांकडे दाखला नसतो. तो काढायलाच जिल्ह्याच्या ठिकाणी ठरलेल्या वारी खेपा घालाव्या लागतात. मानसिक आजार किंवा बरा झालेला कुष्ठरोग गावच्या यादीत झळकावा असे कोणालाही वाटणार नाही. म्हणून विचारायचे एवढेच: तुम्हाला काय लागेल? घरी यावे लागेल, वाहन लागेल, खुणांनी किंवा लिहून सांगावे लागेल, की जरा जास्त वेळ लागेल? चार पर्याय, एक खूण. आजाराचे नावही नको.

वाहनाचा खर्च कुठून, याचे उत्तर त्या पाच टक्क्यांत आहे. अनेक ग्रामपंचायतींत तो निधी मार्चअखेरीस थोड्याथोड्या रकमांत वाटून संपवला जातो. त्यातून सत्राच्या दिवशी एक जीप ठरवता येईल. खरा प्रश्न मनुष्यबळाचा आहे, आणि तो गंभीर आहे. राज्यातल्या सुमारे ७० हजार आशांचे काम मोबदल्याच्या यादीवर चालते. बाळाचे पहिल्या वर्षीचे लसीकरण पूर्ण केले तर १०० रुपये, दुसऱ्या वर्षाचे ७५. खाटेवरच्या प्रौढाला लस मिळवून दिली तर त्या यादीत ओळच नाही. मोबदल्याविना आणखी एक रजिस्टर तिच्या पिशवीत टाकले, तर ते कोरेच परत येईल आणि त्याचा दोष तिला देता येणार नाही. रकाना वाढवायचा तर मोबदल्याच्या यादीतही ओळ वाढवावी लागेल.

एरवी माहितीची वाण नाही. कोणत्याही उपकेंद्रात सत्राच्या दिवशी आशाताईला विचारून पाहावे, येऊ शकत नाही असे कोण कोण आहे. ती रजिस्टर उघडत नाही, बोटांवर मोजते. 'गिरणीमागची आजी, दोन वर्षं खाटेवरच आहे. वरच्या वाडीतले पोलिओचे तात्या. शाळेमागची ती आकडीवाली पोरगी, तिची आई येऊ देत नाही. आणि पुलापलीकडचा बोलत नाही तो, त्याला परवाच कुत्रं चावलं, एक इंजेक्शन झालंय, दुसऱ्याला कोण आणणार म्हणून बसलाय.' समोर भिंतीवर त्या दिवसाच्या सत्राचा तक्ता लावलेला असतो. त्यावर लिहिलेले असते: बालके ९, गरोदर माता ३.